पोरीला दोरावर चढू द्या

मागच्या श्रावणातली गोष्ट. दुपारची जेवणं उरकली होती, भांडी घासून पालथी घातली होती आणि मी जरा आडवी होणार, एवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. बघते तर शेजारची सून. हातात ताटलीने झाकलेले दोन धपाटे. धपाटे आले की समजायचं, काहीतरी बोलायचं आहे. आमच्या देगलुरात मन मोकळं करायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही!

"काकू, पोरीचं ते दोरावरचं बंद करावं म्हणायलेत घरी. तुम्ही इतकी वर्षं शाळेत शिकवलं, तुम्हीच सांगा आता."

तिची थोरली सातवीत. दीड वर्षापासून शाळेच्या मैदानावर दोरीचा मल्लखांब शिकत होती. आठवड्यापूर्वी वरून घसरली. फार उंचावरून नाही, खाली गादीही होती; पण दोर घासून पोटरीवर चांगला वीतभर चट्टा उठला. झालं! आजीने कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, "अभ्यास सोडून हे माकडचाळे कशाला?" आणि मुख्य म्हणजे ती पोरगीच आता दोराजवळ जायला घाबरत होती. आईला वाटत होतं, चला, आपोआपच सुटलं. पण मनात कुठेतरी रुखरुखही होती. नाहीतर भर दुपारी ती माझ्याकडे आलीच कशाला असती?

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. माझा हात आपोआप उजव्या मनगटाकडे गेला. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, मी हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर! डॉक्टर म्हणाले, "बाई, हाडं ठिसूळ झालीत. आणि तुम्ही सगळा भार ताठ हातावर घेतलात." पडायचं कसं, हे मला आयुष्यात कुणी शिकवलंच नव्हतं. मी शाळेत असताना मैदानातल्या लिंबाला एक दोर टांगलेला असे. तो मुलांसाठी. आम्ही मुली भिंतीच्या कडेला उभ्या राहून बघायच्या. त्या दोराला मी कधी हात लावला नाही. लावावासा वाटला नाही, असं मात्र नाही!

तर मैत्रिणींनो, त्या दुपारी शेजारणीला मी जे सांगितलं, आणि नंतर वाचून-विचारून त्यात जी भर घातली, ते आज तुम्हालाही सांगते. तुमच्या घरीही आठ-दहा-बारा वर्षांची मुलगी असेल. ती जिम्नॅस्टिक्स शिकत असेल, मल्लखांब करत असेल किंवा नुसतीच पलंगावरून कोलांट्या मारून तुम्हाला जीव नकोसा करत असेल. प्रश्न एकच आहे : तिला थांबवायचं, की तिच्या पाठीशी उभं राहायचं?

हा खेळ परका नाही

आजीबाईंचा पहिला आक्षेप असतो, "हे असलं आपल्यात नव्हतं." होतं, आणि अगदी आपल्या अंगणात होतं. शेजारच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या व्यायामांमध्ये खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख येतो. त्याच चालुक्यांच्या काळातली देवळं आपल्या देगलूर तालुक्यात होट्टलला आहेत. सिद्धेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी एकदा निवांत बघा. कमरेत काय लवलेल्या आहेत! दगडातल्या बाईला जे जमतं, ते आपल्या हाडामांसाच्या मुलीने केलं की आपण म्हणतो, "नीट बस!"

पुढे मल्लखांबाला नवा जन्म दिला तो दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. हकीगत अशी सांगतात, की निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन नामांकित मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. ते स्वीकारलं विशीच्या आतल्या बाळंभटांनी. त्यांनी सप्तशृंगीच्या डोंगरात जाऊन तयारी केली, आणि झाडावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माकडांकडे बघून त्यांना ही विद्या सुचली, असं परंपरा सांगते. म्हणजे 'माकडचाळे' म्हणून जे हिणवतात, त्याचं मूळच तिथं आहे! आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता. तेव्हा अली-गुलाब हे एका अर्थी आपलेच गाववाले म्हणायचे, आणि त्यांच्या दराऱ्यातूनच हा खेळ पुन्हा उभा राहिला. ब्रह्मावर्तात वाढलेली लहानगी मनू, म्हणजे झाशीची राणी, हीसुद्धा मल्लखांब शिकली होती असं सांगतात.

खांब पुरलेला असतो, त्याला एरंडेल लावतात. दोरीचा मल्लखांब वेगळा. पूर्वी तो वेतावर करत. तसा वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याची जागा सुती दोराने घेतली. वरून टांगलेला, अंगठ्याएवढ्या जाडीचा हा दोर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत धरून चढायचं. गाठ मारायची नाही. शरीराचेच वेढे देऊन वर बसायचं, आडवं व्हायचं, उलटं लटकायचं. पूर्वी खांब मुलांचा आणि दोर मुलींचा अशी वाटणी होती. आता मुली खांबावरही दिसतात.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी हजारो मुलामुलींना हा खेळ शिकवला, अंध मुलींनासुद्धा. डोळ्यांनी दिसत नसताना केवळ स्पर्शाच्या भरवशावर दोरावर चढणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे धीर कशाला म्हणतात ते कळेल. देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवरच भरली. २०२२ साली हा खेळ राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये आला. तेव्हा "याला भविष्य काय?" असं विचारणाऱ्या वडिलांना हे जरूर सांगा.

अंगात काय येतं?

पण भविष्य म्हणजे फक्त पदक नव्हे. सर्वच मुली पदकं आणणार नाहीत. आणायलाच हवीत असंही नाही. मग मिळतं काय?

पहिली गोष्ट, ताकद. आपल्या मुली पायाने चालतात, पण हाताने आपलं वजन कधी उचलत नाहीत. दोर असो की जिम्नॅस्टिक्सचा दांडा, तिथं मुठी, दंड, खांदे, पोट आणि पाठ एकदम कामाला लागतात. पोट-पाठ मजबूत असलेली मुलगी वर्गात पाच तास ताठ बसू शकते. पुढे संसारात कळशी उचलताना, मूल कडेवर घेताना तीच पाठ उपयोगी पडते. हे तुम्हाआम्हाला का सांगायला हवं?

दुसरी, तोल. उलटं लटकताना, गिरकी घेताना कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय, डोळे आणि स्नायू यांची सांगड बसत जाते. अंधारात पाय घसरला तरी अशी मुलगी सावरते.

आणि तिसरी, माझ्या मनगटाची गोष्ट! हाडांचा बहुतेक साठा वयाच्या अठरा-वीस वर्षांपर्यंत होऊन जातो. उड्या, लटकणं, स्वतःचं वजन पेलणं यांनी हाडं भरतात. त्या वयात जमा केलेली ठेव आपण पन्नाशीनंतर मोडून खात असतो. मी काही जमाच केलं नव्हतं, मग मोडायला काय राहणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारे व्यायाम करावेत. आता तुमच्या मुलीचा कालचा दिवस आठवून पाहा. शाळा, शिकवणी, मोबाईल. साठ मिनिटं भरतात का?

"पण उंची खुंटते म्हणतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. जिम्नॅस्टिक्समध्ये ठेंगण्या मुली दिसतात, कारण बुटक्या बांध्याला गिरक्या सोप्या जातात आणि त्याच मुली पुढे टिकतात. खेळाने उंची खुंटते असा पुरावा नाही. खुंटते ती पोटाला कमी मिळाल्याने. त्याबद्दल पुढे बोलूच.

धीर येतो कुठून?

शेजारीण म्हणाली, "काकू, पोरगी आधी किती धीट होती! आता दोर बघितला तरी रडायली."

मी म्हटलं, अगं, धीर म्हणजे भीती नसणं नव्हे. भीती असताना पुढचं एक पाऊल कसं टाकायचं, ते ठाऊक असणं म्हणजे धीर. आणि तो भाषणाने येत नाही. "घाबरायचं काय त्यात?" असं दहादा म्हटलं तर मूल घाबरायचं थांबत नाही, घाबरलेलं सांगायचं मात्र थांबतं. धीर येतो लहान लहान जमलेल्या गोष्टींतून. विणकामात कसं, एकदम स्वेटर कुणी विणत नाही. आधी टाके घालायचे, मग सुलट, मग उलट. एक ओळ चुकली तर तेवढीच उसवायची, सगळं नव्हे.

दोरावरही तसंच. आधी नुसतं लोंबकळायचं, दहा आकडे मोजेपर्यंत. मग जमिनीपासून हातभर उंचीवर पायाची पकड. मग साधी अढी. आणि चढण्याच्या आधी शिकायचं ते उतरणं! ज्या मुलीला खाली कसं यायचं ते पक्कं ठाऊक असतं, तिला वर जायची भीती वाटत नाही. तुमच्या मुलीच्या शिक्षकांना हे जरूर विचारा : "उतरायला शिकवलंत का? पडायला शिकवलंत का?" गुडघे वाकवून, दोन्ही पायांवर, भार पसरवत कसं पडायचं, हा जिम्नॅस्टिक्सचा पहिला धडा असतो.

आपल्या देशातलं सगळ्यात बोलकं उदाहरण दीपा कर्माकरचं. त्रिपुरातल्या आगरताळ्याची ही मुलगी. तळवे सपाट, म्हणजे पायाला कमानच नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये उडीनंतर पाय टेकताना ही मोठी उणीव. पण तिने आणि तिचे गुरू बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षं मेहनत करून ती भरून काढली. २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिला कांस्य मिळालं आणि २०१६ साली रिओला ती ऑलिंपिक गाठणारी पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट ठरली. तिथं ती चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणांनी हुकलं. जिची उडी बघायला सगळा देश मध्यरात्री जागला, ती चौथी आली म्हणून कुणाला हरलेली वाटली का? आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र आपण पहिलं काय विचारतो? "कितवी आलीस?" त्याऐवजी विचारून बघा, "आज नवीन काय जमलं?"

दुसरं उदाहरण अमेरिकेच्या सिमोन बाइल्सचं. जगातली सर्वश्रेष्ठ जिम्नॅस्ट. २०२१ साली टोकियोत ऐन सामन्यात तिला जाणवलं, की हवेत गिरकी घेताना वर कुठे आणि खाली कुठे याचं भान सुटतंय. ती थांबली. सांघिक सामना सोडला. लोकांनी नावं ठेवली. पण अशा वेळी उडी मारणं म्हणजे मान मोडून घेणं. काही दिवसांनी ती परतली, कांस्य मिळवलं आणि २०२४ साली पॅरिसहून तीन सुवर्णपदकं घेऊन गेली. तेव्हा मुलगी "आज नको" म्हणाली, तर तिला भित्री म्हणू नका. तिचं शरीर काय सांगतंय, ते आधी ऐका.

पडल्यानंतर काय?

शेजारणीला मी चार गोष्टी सांगितल्या, त्याच तुम्हाला :

१. पहिल्या दिवशी जखमेची काळजी घ्या, उपदेशाची घाई करू नका. दोराने घासलेली जागा स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडी ठेवा. हळद-तेल-राख असलं काही लावू नका. डोक्याला मार लागून उलटी झाली, गुंगी आली किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

२. घडलेली गोष्ट तिच्याच तोंडून ऐका. "हात कुठं होता? पाय कधी सुटला?" पडण्याचं कारण सापडलं, की भीती निम्मी होते. 'मी पडकीच आहे' आणि 'माझ्या पायाची पकड ढिली होती' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दुसरी गोष्ट दुरुस्त करता येते!

३. बरं वाटल्यावर फार दिवस घालवू नका, पण जिथून पडली तिथूनच सुरुवातही नको. दोन पायऱ्या खालून. जे तिला झोपेतही येतं, तिथून.

४. दुसऱ्या मुलीशी तुलना नको. "ती बघ कशी चढते!" या एका वाक्याने महिन्याची मेहनत पाण्यात जाते.

घरी काय कराल?

घरात दोर टांगायच्या फंदात पडू नका. पंख्याचा हूक, जुनी तुळई यांचा भरवसा नाही. ते काम मैदानावर, जाणकारांच्या देखरेखीखाली. पण ताकद घरीही येते, आणि खर्च शून्य.

सकाळी किंवा संध्याकाळी अर्धा तास काढा. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा बेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा दुपारी अजिबात नको. आधी आठ-दहा मिनिटं अंग गरम करायचं : जागच्या जागी धावणं, दोरीच्या उड्या. मग अंगणात अस्वलचाल, खेकडाचाल, बेडूकउड्या. मुलांना हे खेळच वाटतात, पण खांदे आणि मांड्या चांगल्या भरतात. मग भिंतीला हात टेकून दहा जोर. जमू लागले की जमिनीवर गुडघे टेकून. मग कोपरांवर आणि चवड्यांवर अंग फळीसारखं धरायचं, सुरुवातीला दहा आकडे. फरशीवर खडूची रेघ ओढून तिच्यावर डोळे समोर ठेवून चालायचं, मग एका पायावर उभं राहायचं. शेवटी अंग ताणायचं. ताण जाणवला पाहिजे, कळ नाही. मुलीच्या मांडीवर बसून किंवा पाठ दाबून तिचे पाय फाकवण्याची अघोरी पद्धत कुठे दिसली, तर तिथून मुलीला उठवून घरी आणा.

कोलांटउडी घालायची तर जमिनीवर पसरलेल्या गादीवर, हनुवटी छातीला टेकवून. पलंगावरून नाही. आणि मागे उलटी उडी, डोक्यावर उभं राहणं वगैरे शिक्षकांशिवाय मुळीच नको.

मनगट, टाच किंवा गुडघा दोन आठवड्यांहून जास्त दुखत राहिला तर "होईल बरं" म्हणू नका. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कोवळी जागा असते, तिला जपावं लागतं. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवीच. आणि झोप! बारा वर्षांपर्यंत नऊ तासांच्या खाली येऊ देऊ नका.

ताटात काय वाढाल?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींत रक्त कमी आढळलं. शंभरातल्या एकोणसाठ! "पोरगी आळशी झालीय" असं आपण म्हणतो, ती खरं म्हणजे फिकी पडलेली असते. खेळणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्या.

महागडे डबे नकोत. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, शेंगदाण्याची चटणी, तीळ, पालेभाजी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, दही-ताक. चालत असेल तर अंडं. भाजीवर लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा दिला तर नेमकं उलटं होतं. सरावाच्या तासभर आधी केळं किंवा मूठभर फुटाणे, नंतर शेंगदाण्याचा लाडू. उन्हाळ्यात लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

आणि एक हात जोडून सांगते : "जाड झालीस, दोर तुटेल" असली चेष्टा घरात कुणालाही करू देऊ नका, मामालासुद्धा. वाढीच्या वयात मुलगी भरणारच. त्या एका चेष्टेपायी मुली पोट मारून राहतात. खेळणाऱ्या मुलीची सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर ती पुरेसं खात नाही असं समजून डॉक्टरांना दाखवा.

शहाणी झाल्यावर?

आता खरा मुद्दा. धपाटे संपल्यावर, दार जरा लोटून घेऊन शेजारणीने तो काढला. "काकू, आता ती शहाणी होईल. अन् सासूबाई म्हणायल्यात, असं पाय ताणून पुढं लग्नात काही आडवं तर नाही ना यायचं?"

माहेरी माझ्या आईनेही हेच म्हटलं असेल. फक्त कुणाला विचारायची सोय नव्हती. तर मैत्रिणींनो, मोकळेपणाने बोलू. त्या नाजूक पडद्यावरून मुलीचं चारित्र्य ठरवता येत नाही. कुणात तो जन्मतःच नाममात्र असतो, कुणात लवचीक असतो. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की कौमार्याच्या तपासणीला शास्त्रीय आधारच नाही. खेळल्याने मूल होण्यातही अडचण येत नाही. मग शेकडो वर्षांच्या या धाकापायी मुलीची हाडं ठिसूळ ठेवायची?

पाळीच्या दिवसांत त्रास नसेल तर सराव चालतो. असेल तर विश्रांती. हे तिचं तिला ठरवू द्या. आखूड कपड्यांची लाज वाटत असेल तर घट्ट लांब विजार घालू दे. दोराने घासतही नाही.

कुणाच्या हाती सोपवताय?

शेवटी सगळं शिक्षकांवर येतं. हे खेळ शिकवताना शिक्षकांना मुलीला आधार द्यावा लागतो, हात लावावा लागतो. म्हणूनच आईने डोळे उघडे ठेवायचे. सराव उघड्यावर, इतरांसमोर होतो ना? आयांना बसून बघू देतात ना? एकट्या मुलीला थांबवून घेत नाहीत ना? अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरनेच वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. २०१८ साली दीडशेहून अधिक जणी न्यायालयात उभ्या राहिल्या, तेव्हा जगाला कळलं. कित्येकींनी आधी सांगितलं होतं, पण त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. मुलीला सांगून ठेवा, "आधाराचा हात कळतो, दुसराही कळतो. नको वाटला तर मला सांग, मी तुझ्यावर विश्वास ठेवीन." आपल्याकडे २०१२ पासून मुलांच्या संरक्षणाचा कडक कायदा आहे, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

चांगल्या शिक्षकाची खूण सोपी. तो गादी आधी तपासतो, दोर ओढून बघतो, मुलींना नावाने हाक मारतो आणि कुणालाही घाई करत नाही. नादिया कोमानेचीने १९७६ साली चौदाव्या वर्षी दहापैकी दहा गुण मिळवले आणि जग वेडं झालं. पण पुढे जगानेच ठरवलं, की कोवळ्या मुलींना इतकी घाई नको. आज ऑलिंपिकसाठी स्पर्धेच्या वर्षी सोळा पूर्ण व्हावी लागतात. मग आपल्या तालुक्याच्या स्पर्धेसाठी कसली घाई?

मग त्या पोरीचं काय झालं?

शेजारीण उठली, ताटली घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मुलीबरोबर मैदानावर गेली आणि कडेच्या दगडावर बसून राहिली. भाजी निवडायला बरोबर नेली होती म्हणे! पहिले दोन दिवस पोरगी आईशेजारीच बसली. तिसऱ्या दिवशी उठून नुसती लोंबकळली. मग शिक्षकांनी तिला हातभर उंचीवर आठवडाभर फक्त चढ-उतार करायला लावलं. आजी रोज विचारायच्या, "आज पडली नाही ना?" पोरीने एके दिवशी सांगितलं, "पडले की! पण बरोबर पडले."

दिवाळीआधी ती पुन्हा पूर्ण दोर चढली. स्पर्धेत नंबर आला नाही. वडील बघायला आले होते. काही बोलले नाहीत, पण येताना शेंगदाण्याची चिक्की आणली.

परवा शेजारीण पुन्हा आली. या वेळी हातात काहीच नव्हतं. जरा लाजत होती.

"काकू, हसू नका बरं का. काल सगळे गेल्यावर पोरगी म्हणाली, आई, तू पण धरून बघ. मी साडी खोचली अन् लोंबकळले. दहापर्यंत मोजलं तिनं."

सतराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही बाई. आज पस्तिशीची असेल. हाताचे तळवे लालबुंद झाले होते, ते ती मला दाखवत होती. पोरगी पोटरीचा चट्टा दाखवायची, अगदी तशी.

मनगट बरं असतं तर मीही गेले असते!